९७१ आणि ९७२ : अमिरातीचे दार आणि आपली घरे

टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय यादीत संयुक्त अरब अमिरातीचा क्रमांक ९७१ आहे आणि इस्राएलचा ९७२. एकाला एक लागून. पण १६ ऑगस्ट २०२० पर्यंत ९७१ वरून ९७२ ला सरळ फोन लागत नव्हता. फोनची ही तऱ्हा, तर माणसांची काय सांगावी? इस्राएलचा पासपोर्ट घेऊन सुटीला दुबईला जायचे म्हटले तर त्यासाठी व्हिसाच मिळत नसे. आज लोद, अशदोद, बेएर शेवा, दिमोना येथील आपली मंडळी दुबईला जाऊन येतात, बुर्ज खलिफापुढे काढलेले फोटो पाठवतात, आणि तरुण मुलांना वाटते की हे असेच चालत आले आहे. तसे नाही. या दाराचा इतिहास जुना आहे. त्यात आपल्या मुंबईचा भाग आहे आणि आपल्या घरांचाही आहे. जाणती माणसे आहेत तोवर तो लिहून ठेवावा, म्हणून हा लेख.

सुरुवात घरापासूनच करतो. माझी आजी रेवदंड्याची. तिच्या नातवंडांपैकी आम्ही काही जण आईवडिलांबरोबर अलिया करून इस्राएलला आलो. थोरल्या काकांचे घर ठाण्याला राहिले. एक आतेबहीण लग्न होऊन लंडनला गेली. ठाण्याच्या दादाचा मुलगा डिप्लोमा करून नव्वदच्या दशकात दुबईला नोकरीला लागला. नकाशावर पाहिले तर तेल अवीव ते दुबई विमानाने साधारण तीन-साडेतीन तासांचा पल्ला. मुंबई ते दुबईही जवळजवळ तेवढाच. म्हणजे दुबई आम्हा भावंडांच्या बरोबर मध्यावर. तरी त्या मुलाला भेटायचे तर आम्हांला मुंबई गाठावी लागे आणि त्याच्या रजेची वाट पाहावी लागे. दुबईतच भेटू, असे कोणी बोलूनसुद्धा दाखवत नसे. असे का होते, ते समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबईच्या कारभारातले आखात

आज ज्या सात अमिराती आहेत त्या किनाऱ्यावर एके काळी मुंबई सरकारची नजर असे. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून आरमार आणि फौज निघाली व तिने रास अल खैमा घेतले. जानेवारी १८२० मध्ये तेथील शेखांशी तह झाला. १८५३ मध्ये समुद्रावरील लढाया कायमच्या बंद करण्याचा दुसरा तह झाला, आणि तेव्हापासून इंग्रज या भागाला ट्रूशियल कोस्ट, म्हणजे तहाचा किनारा म्हणू लागले. १८९२ च्या करारात शेखांनी कबूल केले की इंग्रजांना वगळून दुसऱ्या कोणत्याही परराष्ट्राशी आपण संबंध ठेवणार नाही. आखातातील इंग्रज रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता आणि पुढे १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या.

मुंबईच्या देशी पलटणींत त्या काळी आपले बेने इस्राएल शिपाई, हवालदार, जमादार, सुभेदार होते, हे वाचकांना सांगायला नको. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि मुंबई इलाख्याला जोडले, तेव्हा तेथेही आपल्या लोकांची लहानशी वस्ती झाली. कराचीत तर १८९३ मध्ये मागेन शालोम हे सिनेगॉग उभे राहिले. अरबी समुद्राच्या कडेने जाणे-येणे आपल्या आजोबा-पणजोबांना परके नव्हते.

दुबईचा आणि मुंबईचा रोजचा संबंध मोत्यांचा. आखातातील मोती विकायला येत ते मुंबईच्या बाजारात. दुबईत चालणारे नाणे आपला रुपया. १९०९ मध्ये दुबईला पोस्ट ऑफिस उघडले तेही हिंदुस्थानच्या टपालखात्याचे, आणि पत्रांवर लागत ती हिंदुस्थानचीच तिकिटे. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून आखातातील बंदरांत टपाल आणि उतारू नेत होत्या.

आणि व्हिसा? पहिल्या महायुद्धापर्यंत पासपोर्टाची सक्तीच नव्हती. भाडे भरले की माणूस बोटीत बसे. महायुद्धाच्या काळात सरकारे कागद मागू लागली, आणि १९२० मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्यांसाठी पासपोर्टाचा कायदा झाला. आज आपण ज्याला जगाची जुनी रीत समजतो ती पासपोर्टाची रीत जेमतेम शंभर वर्षांची आहे.

इंग्रजी शिक्क्याचा काळ

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि आखाताचा कारभार दिल्लीहून लंडनकडे गेला. किनाऱ्यावर राज्य शेखांचे. परराष्ट्रव्यवहार आणि परदेशी माणसांना आत घेण्याची परवानगी इंग्रजांच्या हाती. १९५४ पासून इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी दुबईत बसू लागला. मुंबईच्या माणसाला दुबईला किंवा शारजाला जायचे तर व्हिसा इंग्रजांकडून घ्यावा लागे. हा प्रकार १९७१ पर्यंत चालला. व्हिसा न मिळणारे लोक लाँचने निघत आणि खोर फक्कानच्या किनाऱ्यावर रात्री उतरत. केरळातील घरांतून या गोष्टी अजून सांगतात.

त्या काळची बोटीची वाट किती सोपी नव्हती त्याची एक आठवण ८ एप्रिल १९६१ ची. मुंबई-आखात मार्गावरील ‘दारा’ या बोटीत दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसे दगावली. त्याआधी एकच वर्ष, १९६० मध्ये, दुबईचा विमानतळ सुरू झाला होता. या मार्गावरची ब्रिटिश इंडियाची शेवटची बोट ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालली.

रुपयाही हळूहळू निघाला. १९५९ मध्ये भारत सरकारने सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि शेखांनी रुपया सोडला. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला, दुबईने रियाल. एव्हाना अबू धाबीचे तेल परदेशी जाऊ लागले होते, आणि १९६६ मध्ये दुबईलाही तेल सापडले. ज्या किनाऱ्यावरचे लोक मोती विकायला मुंबईला येत, तिकडे आता मुंबईची माणसे नोकरी शोधायला जाऊ लागली.

याच वीस वर्षांत आपल्या समाजात काय चालले होते? अलिया. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्राएलला मान्यता दिली. १९५३ मध्ये मुंबईत इस्राएलचे कॉन्सुलेट सुरू झाले. कोकणातली, मुंबईतली, पुण्यातली घरेच्या घरे निघाली. येथे आल्यावर कोणत्या हालअपेष्टा सोसाव्या लागल्या, लग्नाच्या प्रश्नावर रब्बीमंडळाशी कसे झगडावे लागले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव कसा केला, हे सारे वेगळ्या लेखांचे विषय आहेत. या लेखापुरती एकच गोष्ट ध्यानात घ्यायची. इस्राएलच्या कायद्याप्रमाणे अलिया करणाऱ्याला येथील नागरिकत्व मिळाले. आणि भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे, ज्याने स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. दोन्ही पासपोर्ट ठेवण्याची सोय भारतात तेव्हा नव्हती आणि आजही नाही. त्यामुळे विमानात बसताना भाऊ-भाऊ एकाच देशाचे होते, आणि पुढे एक निळ्या मेनोराच्या पासपोर्टाचा झाला, दुसरा अशोकस्तंभाच्या. त्या वेळी कोणाच्या मनात दुबई नव्हती. पण दुबईच्या दाराशी आमचे जे झाले त्याचे बी तेथे पडले.

१९७२ चा कायदा

२ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिराती एकत्र आल्या आणि संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र झाले. सातवी रास अल खैमा फेब्रुवारी १९७२ मध्ये सामील झाली. नव्या राष्ट्राने लवकर केलेल्या कायद्यांपैकी दोन आपल्या विषयाचे आहेत.

पहिला १९७२ चा संघराज्य कायदा क्रमांक १५. हा इस्राएलवरील बहिष्काराचा कायदा. इस्राएलात राहणाऱ्या, इस्राएली नागरिक असलेल्या किंवा इस्राएलसाठी काम करणाऱ्या कोणाशीही, मग तो कुठेही असो, करार वा व्यवहार करायला त्याने बंदी घातली. अरब लीगने ठरवलेला हा बहिष्कार तेव्हा बहुतेक अरब देशांत होता. १९९४ मध्ये आखाती देशांनी तो थोडा सैल केला. इस्राएलशी व्यापार करणाऱ्या तिसऱ्या देशांच्या कंपन्यांना वाळीत टाकणे त्यांनी सोडले. पण खुद्द इस्राएलवरची बंदी तशीच राहिली.

दुसरा १९७३ चा कायदा क्रमांक ६, परदेशी माणसांच्या प्रवेशाचा आणि वास्तव्याचा. इंग्रजांचा शिक्का गेला आणि त्याच्या जागी स्पॉन्सर आला. नोकरी देणारी कंपनी, हॉटेल किंवा तेथे राहणारा जवळचा नातेवाईक, कोणीतरी हमी घेणारा हवा. तो आपल्या नावावर व्हिसा काढणार आणि पाहुणा वेळेवर परत गेला नाही तर जाबही तोच देणार. भारतीय माणसाला नोकरीसाठी जायचे तर आणखी एक पायरी होती ती भारताची. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे, कमी शिकलेल्या माणसाला आखातात कामासाठी जाताना भारत सरकारच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागे. शिकलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीएनआर’ असा शिक्का मारत, म्हणजे याला मंजुरीची गरज नाही. त्या काळी मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात मुलाचे शिक्षण झाले की आधी हा शिक्का मारून घ्या, असे शेजारीपाजारी सांगत.

एका घरात तीन पासपोर्ट

आता आमच्या घराकडे परत येतो. दादाच्या मुलाचा पासपोर्ट भारताचा. कंपनीने व्हिसा काढला, तो गेला. अर्जात धर्माचा रकाना होता. काय लिहावे, यावर ठाण्याच्या घरात दोन रात्री चर्चा झाली. दादा म्हणाले, “खरे आहे ते लिही. खोटे लिहून मिळालेली नोकरी नको.” मुलाने खरे तेच लिहिले, आणि व्हिसा आला. कायद्याचे बोट इस्राएली राष्ट्रीयत्वाकडे होते, धर्माकडे नव्हते. तरी मनात धाकधूक असे. आपल्यात वडिलांचे नाव इस्राएल, मोझेस, सॉलोमन असते आणि ते पासपोर्टवर ठळक छापलेले असते. परक्या गावी कोणी सहज विचारले तर किती सांगावे, हा प्रश्न त्याच्यापुढे पहिली काही वर्षे राहिला. शुक्रवारी संध्याकाळी तो खोलीत किद्दुश करी, पण हळू आवाजात.

लंडनच्या बहिणीचा पासपोर्ट ब्रिटिश. तिला अर्ज नाही, स्पॉन्सर नाही. विमानतळावर उतरली, शिक्का मारून घेतला आणि भाच्याकडे चार दिवस राहून आली.

आमचा पासपोर्ट इस्राएलचा. आम्हांला दार बंद. पुढे भारत सरकारने ओसीआय कार्ड दिले, आम्हांला भारतात हवे तेव्हा जाता येऊ लागले, तेव्हा काही जणांना वाटले की आता या कार्डावर दुबईही जमेल. ते चुकीचे होते. ओसीआय म्हणजे भारतात येण्या-राहण्याची मुभा. तो पासपोर्ट नव्हे. दुसऱ्या देशाच्या दारात त्याचा काही उपयोग नाही.

एकाच आजीची तीन नातवंडे. रंग तोच, भाषा तीच, घरात मलिदा त्याच पद्धतीचा. अधिकाऱ्यासमोर उभे राहिले की फक्त हातातल्या पुस्तिकेने फरक पडे.

सगळ्यांत अवघड गोष्ट होती लग्नाची. आमच्या मुलीच्या लग्नाला त्या पुतण्याने अशदोदला यावे अशी सर्वांची इच्छा. भारतीय पासपोर्टवर त्याला इस्राएलचा व्हिसा मिळाला असता. पण त्या पासपोर्टवर इस्राएलचा शिक्का बसला आणि दुबईला परतताना कोणी पाहिला तर? कोणी अडवलेच असते असे नाही. पण बायको-मुले दुबईत, घराचे हप्ते ठाण्यात, आणि नोकरी स्पॉन्सरच्या हातात. त्याने येणे टाळले. लग्नाच्या दिवशी दुबईहून सरळ फोनही लागेना. ठाण्याला निरोप आला आणि ठाण्याहून आम्हांला आशीर्वाद पोहोचले. २०१३ पासून इस्राएलने पासपोर्टवर शिक्का मारणे सोडून वेगळी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. तोवर आमच्याकडची दोन लग्ने आणि एक अंत्ययात्रा होऊन गेली होती.

खेळाडूंसाठी किलकिले झालेले दार

सरकारांमध्ये संबंध नसले तरी जगाचे व्यवहार अडत नाहीत. दुबईने जगभरच्या स्पर्धा आणि परिषदा आपल्याकडे बोलावल्या, आणि मग इस्राएली माणसाला व्हिसा द्यायचा की नाही, हा प्रश्न तिला टाळता येईना.

फेब्रुवारी २००९ मध्ये टेनिसपटू शहार पेअर हिला दुबईच्या स्पर्धेसाठी व्हिसा नाकारला. जगभर टीका झाली, महिला टेनिस संघटनेने आयोजकांना ३ लाख डॉलर दंड केला. त्याच महिन्यात पुरुषांच्या स्पर्धेसाठी अँडी राम याला व्हिसा मिळाला. पुढच्या वर्षी पेअरलाही मिळाला. कडक पहाऱ्यात ती खेळली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी जानेवारीत हमासच्या एका पुढाऱ्याचा दुबईतील हॉटेलात खून झाला होता आणि दुबईच्या पोलिसांनी इस्राएलवर ठपका ठेवला होता. मारेकरी युरोपीय व ऑस्ट्रेलियन पासपोर्टांवर आल्याचे उघड झाल्यावर दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर येणाऱ्या इस्राएलींकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अबू धाबीच्या ज्यूदो स्पर्धेत ताल फ्लिकर याने सुवर्णपदक जिंकले. पण इस्राएलचा झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही. ज्यूदो महासंघाचे गीत वाजत असताना तो उभ्या जागी स्वतःशीच हातिक्वा म्हणत होता. एकाच वर्षाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सागी मुकी जिंकला आणि त्याच अबू धाबीत हातिक्वा वाजली. आम्ही ते टीव्हीवर पाहिले. दुबईहून पुतण्याने लिहिले होते, “काका, आज आवाज मोठा ठेवला होता.” पण सामान्य प्रवाशाला व्हिसा तेव्हाही नव्हता.

दार उघडले

१३ ऑगस्ट २०२० रोजी घोषणा झाली की इस्राएल आणि अमिराती संबंध जोडणार. तीन दिवसांनी फोन सुरू झाले. २९ ऑगस्टला अमिरातीने १९७२ चा बहिष्काराचा कायदा रद्द केला. ३१ ऑगस्टला एल अलचे विमान बेन गुरियनहून अबू धाबीला निघाले, प्रथमच सौदी अरेबियाच्या आकाशातून. विमानाचे नाव ‘किर्यात गात’. जातानाचा क्रमांक ९७१ आणि येतानाचा ९७२. चालकाच्या खिडकीवर तीन भाषांत शांती हा शब्द लिहिला होता. १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनला करारावर सह्या झाल्या.

आपल्या विषयाची तारीख २० ऑक्टोबर २०२०. त्या दिवशी अमिरातीचे पहिले अधिकृत शिष्टमंडळ बेन गुरियनवर उतरले आणि तेथेच परस्परांच्या नागरिकांना व्हिसाची सूट देण्याचा करार झाला. कोणत्याही अरब देशाशी इस्राएलचा असा करार पूर्वी झाला नव्हता. नोव्हेंबरअखेर दुबई-तेल अवीव रोजची विमाने सुरू झाली. पण करार अमलात यायचा होता, म्हणून त्या हनुक्काला जे हजारो इस्राएली दुबईला गेले ते पर्यटक व्हिसा काढूनच. मग कोरोनाची साथ वाढली आणि जानेवारी २०२१ मध्ये सूट लांबणीवर पडली. शेवटी १० ऑक्टोबर २०२१ रोजी ती लागू झाली. इस्राएली पासपोर्ट, पर्यटनासाठी, एका भेटीत ९० दिवसांपर्यंत, व्हिसा नको. दुबईचे एक्स्पो प्रदर्शन त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू झाले होते, आणि त्यात इस्राएलचा मंडपही होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अबू धाबीच्या सादियात बेटावर एकाच आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग उभे राहिले. सिनेगॉगला मोशे बेन मैमोन, म्हणजे आपल्या रांबामचे नाव दिले आहे.

उलटे फिरलेले दार

डिसेंबर २०२२ च्या हनुक्काला आम्ही दुबईत भेटायचे ठरवले. ठाण्याहून दादा आणि वहिनी, लंडनहून बहीण, अशदोदहून आम्ही दोघे.

आमची तयारी काय? पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे एवढे पाहिले आणि तिकीट काढले. दादांची तयारी पाहा. भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. २०१७ पासून अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना तो विमानतळावर मिळतो, आणि नंतर ही सोय ब्रिटन व युरोपात वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाही दिली. पण ठाण्यात जन्म काढलेल्या निवृत्त माणसाकडे यांतले काय असणार? मुलाने अर्ज भरला. पांढऱ्या पाठीवरचा फोटो, पासपोर्टची प्रत, परतीचे तिकीट, शुल्क.

त्यात वहिनींची अडचण निघाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने नियम केला की पासपोर्टवर फक्त एकच नाव असलेल्या भारतीय पाहुण्याला प्रवेश नाही. वहिनींच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात नाव, आणि आडनावाचा रकाना कोरा. आपल्याकडे हे नवे नाही. गावावरून पडलेली पेणकर, रोहेकर अशी आडनावे काहींनी लावली, काहींनी स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावरच काम चालवले, आणि सरकारी कागदावर जे पडले ते पडले. काही दिवसांतच खुलासा आला की पासपोर्टच्या मागच्या पानावर वडिलांचे नाव छापलेले असेल तर चालेल. वहिनींचे ते होते, म्हणून निभावले. पण तो आठवडा ठाण्यात कोणी धड जेवले नाही.

विमानतळावर आम्ही आधी पोहोचलो. अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितले, झाले. दादा छापलेला व्हिसा प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आले. बाहेर भेटल्यावर मला म्हणाले, “अरे, तीस वर्षे आम्ही तुझी दया केली. आता तू आमची कर.” सगळे हसलो. मग दादा गप्प झाले आणि म्हणाले, “माणसे तीच आहेत रे. पुस्तके बदलली.”

पुतण्याच्या घरी आम्ही हनुक्काची मेणबत्ती लावली आणि एलियाहू हन्नबीचा मलिदा केला. पोहे ठाण्याचे, खजूर तेथलेच. किद्दुश त्याने मोठ्या आवाजात म्हटले. त्याच्या मुलीने आम्हांला प्रथमच पाहिले. ती चौदा वर्षांची होती.

एक विनंती

या साऱ्यातून मला दिसते ते एवढेच. व्हिसा माणसाच्या गुणदोषांवर मिळत नाही. दोन सरकारांचे आपसात कसे आहे त्यावर तो मिळतो, आणि सरकारांचे आपसातले संबंध बदलतात. आमच्या आजोबांच्या काळी पासपोर्टच नव्हता, वडिलांच्या काळी इंग्रजांचा शिक्का होता, आमच्या काळी बंदी होती, आमच्या मुलांच्या काळी सूट आहे. उद्या काय असेल ते आज ठरवता येणार नाही. म्हणून ज्यांना भेटायचे आहे त्यांनी दार उघडे आहे तोवर भेटून घ्यावे. निघण्यापूर्वी त्या आठवड्याचे नियम आणि आपल्या सरकारची प्रवाशांसाठीची सूचना मात्र जरूर वाचावी. शेजाऱ्याला गेल्या वर्षी काय लागले यावर विसंबू नये.

दुसरी विनंती वडीलधाऱ्यांच्या घरांना. कपाटात आईवडिलांचे जुने भारतीय पासपोर्ट असतील, कोपरा कापलेले, पाने पिवळी पडलेली. ते टाकून देऊ नका. त्यांत जन्मगाव आहे, नावाचे त्या वेळचे स्पेलिंग आहे, मुंबई सोडल्याची तारीख आहे. ओसीआयच्या अर्जाला त्यांचा उपयोग होतो, आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला तर फारच होतो. प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागे कोण, कुठून, कधी आले ते दोन ओळींत लिहा, आणि नातवंडांना वाचून दाखवा. आमच्या आजीने रेवदंड्याहून मुंबईला जाताना कोणताही कागद काढला नव्हता. तिच्या पणतीने मला दुबईत विचारले की पणजी कशी दिसायची, तेव्हा दाखवायला माझ्याजवळ वडिलांच्या पासपोर्टात ठेवलेला एकच फोटो होता.

शालोम.